अंजूच्या नोंदी

अंजूच्या मोबाइलचा पडदा दर तीस सेकंदांनी मंद व्हायचा. मग ती अंगठा टेकवायची, पडदा उजळायचा आणि पुन्हा तीस सेकंद. मोहिनीनं हे घड्याळ लावून पाहिलं होतं.

दोघी वर्ध्यात मुलींच्या होस्टेलवर एका खोलीत राहत. मोहिनी आर्वीची, वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.ला. अंजू आंजीची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. एकोणीस दिवस झाले, अंजू कॉलेजला गेली नव्हती. मोबाइल धरून खाटेवर बसून राहायची. दर रविवारी गावी पळणारी मुलगी, पण दोन रविवार तिनं एसटी स्टँडचं तोंड पाहिलं नव्हतं.

मोहिनीनं प्रॅक्टिकलच्या वहीत मागच्या पानावर तक्ता आखला. सकाळी सात : मोबाइलवर. अकरा : मोबाइलवर. दोन : मोबाइलवर. पहाटे चारचाही रकाना होता आणि तो रिकामा नव्हता. एक माणूस इतके दिवस एकाच जागी, एकाच गोष्टीवर लक्ष ठेवून बसू शकतो, याची तिला काळजी वाटायची. कधी कधी नुसतं नवल वाटायचं.

मोहिनीच्या मोबाइलची गोष्ट वेगळी. ते काम होतं. सूक्ष्मदर्शकातून काढलेले तिचे फोटो अकरा हजार लोक पाहत. त्या दिवशी तिनं कापसाचा तंतू टाकला. 'सरकीवरचा हा अख्खा तंतू म्हणजे एकच पेशी. तीन सेंटिमीटर लांब.' फोटो दिवाळीआधीचा होता, पण पाहणाऱ्यांना काय कळतं. 'ताई, तुमच्या पोस्टमुळे दिवस चांगला जातो,' कोणीतरी लिहिलं. एकेकाला उत्तर देता देता संध्याकाळ झाली.

"जेवाले चाल वं," अंजू म्हणाली.

"तू जाऊन ये."

"तू नाई त मी बी नाई." अंजूनं दारातूनच शेजारच्या आचलला हाक मारली.

आचल मेसमधून डबा घेऊन आली. "काय महाराणी," ती अंजूला म्हणाली, "पायाले मेंदी लावून बसली का?"

अंजू हसली. आचल गेल्यावर डबा उघडत म्हणाली, "मोहिनी, एकदा डॉक्टरले दाखवून येऊ ना."

हे ती रोज म्हणायची. एकटीनं जायची भीती वाटत असणार. मोहिनीनं आधी संक्रांतीवर ढकललं होतं, मग सेमिनारवर.

"पाहू," ती म्हणाली.

मंगळवारी मानसशास्त्राची नंदिनी सर्वेक्षणाचे फॉर्म वाटून गेली. विद्यार्थी, सोशल मीडिया आणि नैराश्य. मोहिनीनं अंजूसाठी एक भरायला घेतला. झोप, भूक, थकवा, आपण कोणाच्याच कामाचे नाही असं वाटणं. नऊ प्रश्न. अंजूला एकही विचारावा लागला नाही. उत्तरं तिला ठाऊकच होती. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता. तिथंही तिनं न थांबता खूण केली. बेरीज केली : सत्तावीसपैकी बावीस.

तिनं पेन खाली ठेवला. हे आता पुढं ढकलण्यासारखं नव्हतं.

"अंजू, उद्या जाऊ दवाखान्यात."

अंजूनं मोबाइल उशीवर ठेवला. "खरंच?"

"तुह्यासाठी चालते."

"हो वं माय. माह्यासाठी चाल."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढं मोठी रांग होती. अंजू पूर्ण वेळ मोहिनीच्या मागं उभी होती. नंबर जवळ आला तेव्हा ओढणी नीट करायला तिनं मोबाइल मोहिनीच्या हातात दिला. "धर जरा."

पडदा अजून मंद झाला नव्हता. वर नाव होतं : मोहिनीची आई.

'काकू, आज अर्धी पोळी खाल्ली तिनं.'

'काकू, पहाटे गच्चीवर गेलती. मी मांगंच होती.'

'तुम्ही येऊ नका, काकू. तुम्हाले पाहून ती हसून दाखवन. मी हावो ना.'

मोहिनीनं पडदा वर सरकवला. अजून वर. संपेचना. तारीख, वेळ, किती घास, किती तास झोप, शेवटचं कधी बोलली. पहाटे चारच्याही नोंदी होत्या. एका माणसानं दुसऱ्या माणसाकडं इतकं पाहिलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"पेशंटचं नाव?" खिडकीतून आवाज आला.

अंजू मोहिनीकडं पाहत राहिली.

"लवकर सांगा वो ताई, मागं लोक हायेत."

"लिहा," मोहिनी म्हणाली. "मोहिनी लक्ष्मणराव ढोले."