कोरी पाठ

ढोल थांबला आणि दामू पैलवान एकटाच आखाड्यात उतरला. समोर कोणी नव्हतं. कोणी असायचंही नव्हतं. मुरबाडकडच्या त्या गावात जत्रेची पहिली कुस्ती वीराची. वीर म्हणजे वेशीवरच्या दगडात कोरलेला, कधीकाळी मेलेला पैलवान. माणसानं हवेला सलामी द्यायची, दोन डाव झुंजायचं आणि आपणहून उताणं पडायचं. मग खऱ्या कुस्त्या सुटायच्या.

पडायला दामूच लागायचा. म्हशापासून खर्डीपर्यंत एवढं देखणं पडणारा दुसरा नव्हता. किती उगवत्या पोरांची नावं त्याच्या पाठीवर मोठी झाली. घरी बायको, चिमी, ती पाठ धुवायची आणि मातीवरून गाव ओळखायची. ही तांबडी खर्डीची, ही काळी म्हशाची. आज निघताना तेल चोळता चोळता ती एवढंच बोलली, "शेवटचीच ना ही कुस्ती? मंग एकदा तरी कोरी पाठ घेऊन या. मला बघू द्या, कशी दिसते."

"लवकर पड रे दामू," पंच गोजरबाबा पुटपुटले. "पोरं खोळंबलीत."

दामूनं माती कपाळाला लावली. लोक भजी खात होते, वीराला गुदगुल्या कर म्हणून कोणी हसवत होतं. त्यानं नेहमीसारखा हवेत खांदा घातला.

खांदा अडला.

वय झालं, त्याला वाटलं. मग मानेवर श्वास लागला. थंडगार, ओल्या दगडाच्या वासाचा.

दरसाल तो इथंच पडायचा. गोजरबाबांनी डोळ्यांनी खुणावलं. दामूनं मान हलवली. नाय.

त्यानं त्या रिकाम्या हवेच्या कमरेला मिठी घातली, पाय आडवा लावला, आणि उभ्या जन्मात जी कधी पुरी केली नव्हती ती ढाक मारली.

धप्प झालं.

धूळ बसली तेव्हा दामू उभा होता. त्याच्या पुढ्यात, सकाळी सपाट केलेल्या भुसभुशीत मातीत, एका रुंद पाठीचा ठसा होता. दोन्ही खांदे टेकलेले. मधे कण्याची रेघ. भजी खाली ठेवून लोक उभे राहिले.

दामूनं हात मागं नेऊन पाठ चाचपली. कोरी होती. चिमी आठवली, पण हसू आलं नाही. ठशाच्या कडा अजून हलत होत्या, कोणी उठायला धडपडावं तशा.

गोजरबाबांचा आवाज फार हळू आला. "जितलास रे. आता रीत कर. पडलेल्याला हात दे."

हात धरून उठायचं, एवढंच दामूला आजवर ठाऊक होतं. द्यायचा कसा, हे आठवायला त्याला वेळ लागला. मग तो वाकला आणि उजवा पंजा त्यानं ठशावर धरला.

दंड ताणला गेला. टाचा मातीत रुतत चालल्या, जड माणसाला उठवताना रुततात तशा.