एक घरचं, एक साधं

“एक घरचं!”

तो आवाज आत्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिचे केस काळेभोर होते. टेलिफोन ऑफिसात दिवसभर परक्याला परका जोडून देऊन ती या हॉटेलात आली होती, एकटीच. वेटरने तिची ऑर्डर घेतली आणि भिंतीतल्या खिडकीतून स्वयंपाकघरात हाळी दिली. बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी नुसतं ‘एक साधं’. तिच्यासाठी मात्र ‘एक घरचं’. जन्मभरात किती आवाज तिच्या कानावरून गेले. कानात घर करून राहिला तो हाच.

आज तिच्यासमोर भाची बसली होती. भावाने मुद्दाम पाठवली होती. निरोप एवढाच की, एकटीने किती दिवस काढणार, खोली सोड आणि आमच्याकडे राहायला ये. आत्याला जायचं नव्हतं. भाऊ मायेचा होता, वहिनीही वाईट नव्हती, पण तिथे ती पाहुणीच ठरली असती. पाहुणी म्हणजे पाण्यावरचं पान. वारा नेईल तिकडे जायचं.

“एकटी कुठे आहे गं मी?” ती भाचीला म्हणाली होती. “चल, माझी माणसं दाखवते तुला.”

म्हणून दोघी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या, स्वयंपाकघराच्या खिडकीला अगदी खेटून. आतून धूर येत होता, भांडी आदळत होती. एरवी त्या जागेवर कुणी फिरकत नसे.

“आत्या, तिकडे पंख्याखाली बसू या ना. इथे शिजून निघतोय आपण.”

“पंख्याखाली पाहुणे बसतात. चुलीजवळ घरचे.”

मालक गल्ल्यावरून उठून आला. “काय ताई, आज सोबतीला कोण?”

“भावाची लेक. मला न्यायला आलीय. तिला म्हटलं, आधी माझं घर तर बघ.”

“मग! ताई म्हणजे आमच्या घरच्याच,” मालक म्हणाला.

भाचीने मेनूकार्ड मागितलं, तर आत्यानेच तिचा हात दाबला. “आपण दर बघायचे नसतात. घरच्याला कसलं आलंय कार्ड?” हे मालकानेच तिला कधीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तिने कार्ड उघडलं नव्हतं. येईल ते बिल द्यायची आणि वर बशीखाली भरघोस टिप ठेवायची. टिप हा शब्द तिला आवडत नसे. ‘पोरांना खाऊ ठेवलाय रे,’ असं म्हणून ती पायरी उतरायची.

वेटर आला. सगळे त्याला लंबू म्हणत. विशीतला होता तेव्हापासून तो तिला वाढत होता. आता त्याची कानशिलं पांढरी झाली होती.

“काय मावशी, नेहमीचंच?”

“हो रे. दोघींना.” आत्याने मिरपुडीची डबी सवयीने जवळ ओढून घेतली.

लंबूने खिडकीत डोकं घातलं. “एक घरचं, एक साधं!”

आत्याने भाचीकडे पाहिलं. ऐकलंस? तिचे डोळे विचारत होते.

“हे बरंय!” भाची लटक्या रागाने म्हणाली. “तुला घरचं आणि मला साधं? मी काय वाटेवरची आहे?”

“खरंच की. लंबू, हिलाही घरचं सांग.”

“त्यांना साधंच राहू द्या, मावशी.”

“का म्हणून?”

“नाही म्हणजे... त्या नवीन आहेत. त्यांना सवय नाही.”

“सवय कसली रे मेल्या? सख्ख्या भावाची लेक आहे माझी! ओरडतोस का मीच ओरडू?”

लंबू ओरडला नाही. तेव्हा आत्याच खुर्चीत वळली आणि टेलिफोन ऑफिसातल्या त्या जुन्या खणखणीत आवाजात तिने खिडकीतून हाक दिली, “दोन घरचं!”

आतला आचारी नवा होता. तव्याकडे तोंड करून उभा. त्याने वळूनही पाहिलं नाही.

“दोन कुठून देऊ? कालचं एकाच ताटापुरतं उरलंय!”

भाचीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिचा हात तोंडावर गेला. लंबूने खांद्यावरचं फडकं काढलं आणि स्वच्छ टेबल पुन्हा पुसायला घेतलं. पुसत राहिला. मान काही वर केली नाही.

मालक धावत आला. “ताई, मनावर घेऊ नका. नवीन आहे तो, त्याला बोलायची अक्कल नाही. घरचं म्हणजे... अहो, घरचं म्हणजे आपलं...”

आत्या थांबली. त्याला काहीतरी सापडावं, निदान एखादं धडकं खोटं तरी सापडावं, म्हणून थांबली. आत्याचा कान पक्का होता. इतकी वर्षं ती ज्या लाईनवर बोलत होती, तिच्या पलीकडच्या टोकाला कुणी नव्हतंच.

“तुमची कधी तक्रारच नव्हती, ताई,” मालक शेवटी पुटपुटला. “विचारलं की छान म्हणायच्या. आम्हाला वाटलं, तुम्हाला कळत नाही.”

“आत्या, ऊठ,” भाची म्हणाली. तिने आत्याची पिशवी उचलली होती.

आत्या उठली. पदर सावरला. खिडकीकडे नाही, लंबूकडे नाही, सरळ मालकाकडे पाहिलं.

“कळत होतं, दादा,” ती म्हणाली. “पहिल्या घासापासून कळत होतं. पण घरात शिळं घरच्याच माणसाच्या वाट्याला येतं ना? मी तसं समजून खात आले.”