अदबीचा डबा

"ही एकेचाळिसावी," अब्बा म्हणाले आणि पिशवीवर कात्री चालवली.

शुक्रवारची, जुम्म्याची नमाज सुटली होती. मशिदीच्या अंगणात अब्बांचे तीन डबे: एक प्लास्टिकचा, एक कागदाचा आणि एक अदबीचा. ज्यावर अल्लाचं नाव, ते कचऱ्यात जायचं नाही. ते अदबीच्या डब्यात, पुढे जमिनीत दफन करायला. पण किराणावाल्याने दुकानालाच अल्लाच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक दिलेलं, आणि तेच पिशव्यांवर छापलेलं. अब्बा प्रत्येक पिशवीतून नाव कापून काढत.

"अरे, पिशव्या तरी कोऱ्या काढ," अब्बा समोरून जाणाऱ्या किराणावाल्याला म्हणाले.

"नावाने बरकत येते, चाचा."

"बरकत तुला, कातरकाम मला!"

त्यांची मुलगी फाटकाबाहेर ताटकळत होती. ती शिक्षिका. तिच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, की तिचे वडील मशिदीच्या ऑफिसात असतात.

"अब्बा, आटपा ना. कुणी बघेल."

"बघू दे. बघून शिकतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा उठलेच नाहीत.

पुढच्या जुम्म्याला ती त्यांचा चष्मा न्यायला आली, तर अंगणात सभाच भरलेली. इमामसाहेब एक बंद पडलेलं घड्याळ तान्ह्या बाळासारखं धरून उभे होते. चौकट प्लास्टिकची, पोटात सेल, तबकडीवर अल्लाचं नाव.

"अख्खं दफन करा," मशीद कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले.

"सेलसकट? जमीन नासेल," इमामसाहेब म्हणाले.

"मग टाका प्लास्टिकमध्ये."

"तौबा तौबा!"

"चाचा असते तर..." किराणावाला म्हणाला.

ती फाटकातून आत आली. घड्याळ घेतलं. मागचं झाकण उघडून सेल काढला, बाजूला ठेवला. तबकडी हलकेच सोडवून अदबीच्या डब्यात. चौकट प्लास्टिकमध्ये.

"हात्तिच्या! एवढंच?" सेक्रेटरी म्हणाले.

तेवढ्यात बूट घालता घालता एकजण थबकला. तिच्या वर्गातल्या मुलाचा बाप.

"मॅडम, तुम्ही? आणि हे काम?"

तिने हात झटकले नाहीत.

"माझे अब्बा इथला कचरा निवडायचे," ती म्हणाली. मग तेच पुन्हा म्हणाली, नळापाशी उभे असलेलेही वळून बघतील इतक्या मोठ्याने. "ऑफिसात ते कधीच नव्हते. तिथं त्यांना करमलंच नसतं."