डेपोमागची शाळा

“जुने मार्क विचारता का हो तुम्ही?” बबीच्या आईने टेबलावर ओणवं होत दबक्या आवाजात विचारलं.

मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा पुसला. “कशाला? मूल सकाळी वेळेवर उठतं का, तेवढं विचारतो.”

“उठते.”

“मग सोमवारपासून पाठवा.”

बबीच्या आईचा जीव भांड्यात पडला. शाळेच्या भिंतीचे पोपडे निघाले होते, घंटेच्या जागी लोखंडी पट्टी टांगली होती, आणि खिडकीबाहेर बस अशा घुरघुरत होत्या की बाईंना प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं. तिला शाळा फार आवडली.

रंगाचा कारखाना या नव्या शहरात हलत होता आणि त्याच्यामागे त्याची माणसं. इतकी वर्षं ही माणसं कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये एका ओळीत राहिली. भिंती अशा, की बबीच्या घरात कुकरची शिट्टी झाली की पलीकडच्या वहिनी उठून आपला गॅस बंद करायच्या. अशा ठिकाणी बबी नववीत नापास झाली. पोरगी निकाल घेऊन घरी पोहोचायच्या आत बातमी ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चहा पिऊन परत आली होती. बायका सांत्वनाला आल्या त्या उठायचं नाव घेईनात. वहिनींनी तर जखमेवर मीठच चोळलं. “आमच्याला नव्वद टक्के पडले, पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका हं.” त्यांचा मुलगा लांबच्या मोठ्या शाळेत जायचा. वहिनींनी साऱ्या ओळीत गोड वाटलं. बबीच्या आईने तेही गिळलं.

तेव्हापासून बबीने मान वर केली नव्हती. पाण्याच्या टाकीमागून, चिखल तुडवत घरी यायची, पण ओळीसमोरून नाही. आईला ते बघवत नव्हतं. नव्या शहरात क्वार्टर्स मिळणार नाहीत, ज्याने त्याने आपलं घर शोधावं, असं कारखान्याने कळवलं तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. बबीच्या आईला मात्र देव पावला.

मग ओळीत लपंडाव सुरू झाला. कुठे बघताय घर, तर बघतोय अजून. फारच खोदून विचारलं तर जो तो तळ्याकाठचं नाव घेई. तळ्याकाठी रुंद रस्ते होते, बागा होत्या, आणि प्रवेश परीक्षा घेणारी नावाजलेली शाळा होती. बबीच्या आईनेही वहिनींना तेच ठोकून दिलं. “अय्या, म्हणजे पुन्हा शेजार!” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. नापास पोरीचा शेजारसुद्धा नको हिला, असं बबीच्या आईच्या मनात आलं. तिने शहराचं दुसरं टोक गाठायचं ठरवलं.

दुसऱ्या टोकाला बसडेपो होता. “ताई, डेपोमागे कुणी आपणहून राहायला येत नाही,” एजंटने प्रामाणिकपणे सांगितलं.

“म्हणूनच तर,” ती म्हणाली आणि तिथल्या तिथे घर पक्कं केलं.

बबीचे बाबा कारखान्यात फोरमन. त्यांना आता कामावर जायला दोन बस बदलाव्या लागणार होत्या. “लोक शेजार बघून घर घेतात,” ते म्हणाले, “आपण शेजार टाळून घेतलं. बरं आहे.” पोरगी कुठून घरी यायची ते त्यांनीही बघितलं होतं.

सोमवारी आईने बबीची वेणी घालता घालता तिला पढवलं. “कुणी विचारलंच तर सांगायचं, बाबांच्या बदलीत वर्ष बुडालं.”

“आणि खरं कळलं तर?”

“कोण सांगणार आहे इथे? काळं कुत्रंसुद्धा ओळखत नाही आपल्याला.”

शाळेच्या फाटकाशी आई थबकली. कारखान्याचा स्टोअरकीपर आपल्या दोन्ही पोरांना घेऊन विजेच्या खांबाआड उभा होता. खांब बारीक होता, स्टोअरकीपर नव्हता. त्याच्यापुढे कॅशियरच्या बायकोने पावसाचा थेंब नसताना छत्री उघडून तोंडावर धरली होती. आणि फाटकाला अगदी चिकटून वहिनी. शेजारी त्यांचा मुलगा, हनुवटी छातीला टेकलेली.

आता पळायला जागा नव्हती. एवढा आटापिटा केला, नवऱ्याला दोन बसच्या तोंडी दिलं, आणि पोरीला पुन्हा त्याच ओळीसमोर आणून उभं केलं!

“तळ्याकाठी दमट फार आहे म्हणे,” वहिनी तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

“हो ना. डासही आहेत,” बबीची आई म्हणाली.

वहिनींचे डोळे भरून आलेले तिने पाहिले.

तेवढ्यात बबीने तिचा हात सोडला. ती सरळ वहिनींच्या मुलाजवळ गेली.

“कशात?” तिने विचारलं.

“गणितात,” तो जमिनीला म्हणाला. “आणि विज्ञानात. तू?”

“नुसतं गणित.”

“मग तू पुढे आहेस,” तो म्हणाला, आणि त्याने पहिल्यांदा तोंड वर केलं.

लोखंडी पट्टीवर टोले पडले. आई घाईने पुढे झाली, बबीचा दंड धरला आणि कानाशी लागली. “चल घरी. आपण दुसरी शाळा बघू. आणखी लांबची.”

बबीने हलकेच दंड सोडवून घेतला.

“आई, तू जा गं आता,” ती म्हणाली, मान ताठ करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “इथे सगळे ओळखीचे आहेत.”