लाल दांडा

उड्डाण घेताना दादाचं फवारणीचं विमान कुंपणाला अडकून उलटलं, तसा मी पाना टाकून धावलो. त्याला बाहेर ओढलं. पाय मोडला होता, पण जीव वाचला. आत लाल दांडा जागचा हललासुद्धा नव्हता. तो ओढला की टाकीतलं औषध एकदम सांडतं आणि विमान हलकं होऊन उडतं. “दांडा का नाही ओढलास?” मी ओरडलो. “कुंपणापलीकडे तुझ्या वहिनीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मागच्या खेपेला औषध सांडलं, माश्या मेल्या, तेव्हापासून ती बोलत नाही.” धापा टाकत आलेल्या वहिनीने कपाळावर हात मारला. “अहो, पेट्या सकाळीच हलवल्या मी!” “मग सांगायचं नाही?” दादा विव्हळला. “अबोला होता ना!” मी डोकं धरलं. महिनाभर ‘टॉवेल दोरीवर आहे म्हणावं’ असले निरोप माझ्याकरवी धाडणाऱ्या वहिनीला नेमका हाच निरोप सुचला नव्हता!