काठाकडचा तांब्या

गाडी भरायला अजून चार सवाऱ्या हव्या होत्या, म्हणून वैजनाथ स्टेअरिंगवर मोबाइल टेकवून वाचत बसला, आणि वाचता वाचता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मोबाइल बायकोचा, सपनाचा. त्याचा स्वतःचा आदल्या दिवशीच बंद पडला होता, म्हणून सकाळी तिचा उचलून तो सेनगावच्या स्टँडवर आला होता. त्यात तिच्या ऑनलाइन क्लासचा ग्रुप होता, 'नवशिक्यांसाठी कथालेखन'. पुण्याच्या कुणी बाई दुपारी शिकवायच्या. जेवणं उरकली की सपना आणि वैजनाथची आई रुख्मिणीबाई, दोघी मोबाइल पितळी डब्याला टेकवून बसायच्या. आईला अक्षरओळख नव्हती, पण तिलाही ऐकायला गोड लागायचं. आता घरात भाकरीऐवजी गोष्टीच थापणार वाटतं, अशी वैजनाथ चेष्टा करायचा.

ग्रुपवर सपनाच्या नावानं एक गोष्ट पडली होती. गोष्टीतला नवरा बायकोला मारायचा. एकदा त्याच्या मारानं तिच्या बांगड्या फुटल्या आणि तिनं काचा मुकाट्यानं पदरात वेचल्या. उन्हाळ्यात तो घराच्या छतावर उघड्यावर निजायचा. वारं चांगलं लागतं म्हणून तिनं त्याचं अंथरूण काठाशी घातलं, आणि पाण्याचा तांब्या उशाला न ठेवता काठाकडच्या बाजूला ठेवला. तो अंधारात तहानेनं उठला. बस, एवढंच. बायकोनं त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

अख्ख्या गोष्टीत एकही पूर्णविराम नव्हता. पोराचं शुद्धलेखन डोळ्यांत तेल घालून तपासणारी सपना असं एका दमात लिहिते म्हणजे हिला घाई तरी किती झालीय, असं वैजनाथला वाटलं.

परवाच त्यानं तिच्यावर हात उचलला होता. तो जेवायला आला तर दोघी क्लासमध्ये गुंगलेल्या, ताट वाढलेलं नाही. त्याचं डोकं फिरलं. बांगड्या फुटल्या तसा तो बाहेर निघून गेला, काचा कुणी उचलल्या ते त्यानं पाहिलं नाही. आई तिथंच बसली होती. ती काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असणार, असं तो धरून चालला. आणि असं काही पहिल्यांदाच झालं होतं असंही नव्हतं.

गोष्टीखाली बाईंनी विचारलं होतं, छान जमलीय, यापुढे काय होतं? त्यावर सपनाच्या नावानं उत्तर होतं, पुढलं अजून व्हायचंय.

वैजनाथच्या घराचं बांधकाम अर्धवट होतं, वरच्या स्लॅबला कठडा नव्हता. उन्हाळाभर तो तिथंच निजायचा. अंथरूण रोज सपना घालायची, तांब्याही तीच ठेवायची.

दिवसभर त्यानं हिंगोलीच्या फेऱ्या मारल्या, पण लक्ष थाऱ्यावर नव्हतं. एका म्हातारीला तिच्या फाट्यावर उतरवायचंच राहिलं, तिच्या शिव्या खाल्ल्या. क्लासमधल्या बाईंचं एकदा कानावर पडलेलं वाक्य त्याला सारखं आठवत होतं. धक्का द्यायचा असेल तर घरातली साधी वस्तू घ्या, तिचा कुणाला संशय येत नाही. पोलिसांत जावं तर सांगायचं काय? बायकोनं तांब्या ठेवला? सगळं ठाणं हसलं असतं. तो भ्याला होता, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दिवेलागणीला तो घरी आला आणि कुणाशी न बोलता बाहेरच्या जिन्यानं थेट वर गेला.

अंथरूण घातलेलं होतं, पार काठाशी. तांब्या काठाकडच्या बाजूला होता, वर फुलपात्र पालथं घातलेलं. भिंतीला धरत धरत तो खाली आला.

आई चुलीपुढं भाकरी करत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सपनाला ऐकू जाऊ नये म्हणून तो आईच्या अगदी जवळ जाऊन बसला.

"माय, सपना माझ्या जिवावर उठली."

मग त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं, ग्रुपवरची गोष्ट, वरचं अंथरूण, तांब्या. आज तुझ्यापाशीच निजतो, म्हणाला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. रुख्मिणीबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"ती गोष्ट तिची न्हाई," ती म्हणाली. "माझी हाय. मी बोलते, मोबाइल लिवतो. सपनानं निस्तं बटन दाबायला शिकवलं. नाव तिचं दिसत असंल, पर क्लास माझा हाय."

वैजनाथचा जीव भांड्यात पडला. त्याला हसूच फुटलं. दिवसभर आपण कुणाला भीत होतो, तर या अंगठेबहाद्दर म्हातारीच्या गोष्टीला.

"मनाला येईल ते लिवती व्हय माय?"

"न्हाई. बाई म्हणल्या, नव्या माणसानं आधी सोताचं ठावं असलेलं लिवावं."

बोलताना तिनं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. हार घातलेला जळबा, वैजनाथचा बाप. वैजनाथ लहान असतानाच तो जुन्या घराच्या माळवदावरून पडून गेला होता. रात्री पाणी प्यायला उठला आणि तोल गेला, असं सगळं गाव म्हणायचं. आईनंही कधी वेगळं सांगितलं नव्हतं.

वैजनाथचं हसू जागच्या जागी विरलं. घशाला कोरड पडली, पण पाणी मागायची त्याला हिंमत होईना.

"मंग वर सपनानं..." त्यानं वर बोट दाखवलं. "सपनानं माझं अंथरूण तसं काहून घातलं?"

रुख्मिणीबाईनं गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली.

"सपना तर तू गेल्या गेल्याच लेकराला घेऊन कळमनुरीला माहेरी गेली," ती म्हणाली. "मीच धाडली. अंथरूण मी घातलं."