अंदमानचा पापड

कट्‌कन पापड मोडला आणि एवढा वेळ गप्प जेवत असलेली दीपमाला खुदकन हसली.

धोंडाबाईंनी परातीतून नजर वर केली नाही. पाव्हणीला वाढावं तसं सुनेला ताट वाढून त्या स्वतः भाकरी थापत होत्या. तिला गॅसपाशी येऊच दिलं नव्हतं.

"काय झालं हसाया?"

"तिकडं अंदमानात पापड वाजतच न्हाई, आत्याबाई. तळला की दोन मिनिटांत फडक्यावाणी लोंबतो. मला वाटलं, माझंच काही चुकायलंय. चार डाव तळले. शेजारीण म्हणली, बाई, इथं पापड घडी घालून खायचा."

आजीच्या गुडघ्याला चिकटून बसलेली चार वर्षांची अयोध्या लगेच पापडाची घडी घालायला गेली. त्याचा चुरा झाला. "आजूक सांग!"

सकाळपासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. उद्या नांदेडहून गाडी होती. तिकिटं दोन होती. अंदमानात नवऱ्याला सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून मुखेडला सासूपाशी ठेवलेली लेक न्यायला दीपमाला दोन वर्षांनी आली होती, आणि धोंडाबाईंनी अजून पोरीचा एक फ्रॉकसुद्धा पिशवीत घालू दिला नव्हता.

दीपमाला सरसावून बसली. "तिथं मिठाचं बरणीतच पाणी होतंय. भाजीत मीठ टाकायचं न्हाई, वतायचं. आन् एकदा समुद्रावरून शंख आणला, टीव्हीपाशी ठेवला. सकाळी बघते तर शंख गायब! हुडकून हुडकून बेजार. तर गडी मोरीत चालायलाय. आत खेकडा!"

अयोध्या हसून हसून आडवी झाली.

"मीठ टिकंना, पापड टिकंना," धोंडाबाई म्हणाल्या, "तिथं लेकरू टिकंल व्हय?"

"लेकरं हायत की तिथं. शाळा हाय."

"असंल. हिला गोवर निघाला तवा मांडीवर कोण घिऊन बसलं? तू फोनमधी होतीस. हात हालवायलीस."

दीपमालाचा घास हातातच राहिला. "लेकरू ठिवून जा, असं तुम्हीच म्हणलात. ठेवलेलं न्यायला आले मी. मागाया न्हाई आले."

"ठेवलेलं! पोरगी हाय का उसनी दिलेली पायलीभर जवारी?"

तव्यावर भाकरी करपायला लागली. कोणी उलटली नाही.

अयोध्या उठून उभी राहिली. "आई, जाऊ का मी? चालणारा शंख बघाया?"

"जाऊ की!" दीपमाला घाईनं म्हणाली.

पण पोरीचं तोंड धोंडाबाईंकडं होतं. आजीला ती आई म्हणायची. दीपमालाला, फोनमधली म्हणून, मम्मी.

धोंडाबाई पहिल्यांदा हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं. "मला कशाला इचारतीस? तिलाच इचार की."

अयोध्या आली आणि दीपमालाच्या मांडीला टेकली. बोलावलं नसताना, आल्यापासून पहिल्यांदाच. दीपमालाला हलायची भीती वाटली. पोरीनं तेलकट बोटांनी तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं.

"येते मी, मम्मी. पर तिथं आई कोण हाय?"